मामंजींच्या घड्याळाचं मशीन



गेल्या लेखात लोणच्याच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं की पुढचा लेख कधी. दशलक्षण पर्व होतं, बस्तीत रोज दोन वेळा जाणं होतं, आणि त्यात आमच्या घरी एक घड्याळाचं प्रकरण चालू होतं. आज त्याबद्दलच लिहिते.

सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्ध वगैरे आपल्यात नाही, पण वर्ष उलटल्यावर त्यांचं कपाट उघडून जे काय आहे ते तिघा भावंडांत वाटून टाकावं, असं हे, धाकटे भाऊजी आणि वन्सं यांनी ठरवलं. साड्या, चांदीची भांडी, दोन पाटल्या हे सगळं सहज झालं. राहिलं ते मामंजींचं मनगटी घड्याळ. ओमेगा सीमास्टर, ऑटोमॅटिक. स्टीलचं, पांढरट डायल, तारखेची खिडकी, मागच्या झाकणावर घोड्याचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेला तो समुद्रातला घोडा. एका घड्याळाचे तीन तुकडे करता येत नाहीत. विकायचं आणि पैसे तिघांत वाटायचे, असं ठरलं.

हे घड्याळ मामंजींनी १९६९ साली घेतलं. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने आणून दिलं होतं. त्यावर जकात भरली होती की नाही, हे मामंजींना विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. घरात आलं त्याच आठवड्यात सासूबाईंनी त्याचा चामड्याचा पट्टा काढून टाकला आणि स्टीलचा घालून आणला. चामडं अंगाला लावून बस्तीत जायचं नाही, विषय संपला. आज जुन्या घड्याळांचे शौकीन मूळ पट्टा आणि त्याचं बक्कल यांनाही वेगळे पैसे देतात म्हणे. सासूबाईंनी ते बक्कल बहुतेक भंगारवाल्याला दिलं असणार.

मामंजींचं सामायिक या घड्याळावर चालायचं. दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटं. बसताना एकदा बघायचे आणि उठताना एकदा. मधे हात मांडीवर एकदम स्थिर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं म्हणतात, मग मामंजी एवढे निश्चल बसले तर बंद कसं पडत नाही? ह्यांना विचारलं तर हे हसले. उत्तर मात्र त्यांनाही येत नव्हतं. ते मला आता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

भाऊजींच्या मुलाने फोटो काढून कुठेतरी टाकले आणि चार दिवसांत पुण्याहून एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल, इंजिनियर, जुनी घड्याळं जमवण्याची आवड. फोटो बघून त्याने नव्वद हजार सांगितले. आम्ही सगळे गारच झालो. मग त्याने एकच प्रश्न विचारला. "मशीन मूळचंच आहे ना? कधी काही बदललंय?" फोन स्पीकरवर होता. भाऊजी लगेच म्हणाले, "छे छे, एका हातात वापरलेलं आहे." तो मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा. जैन घरातलं घड्याळ आहे, तुम्ही हो म्हणालात तर मी उघडूनसुद्धा बघणार नाही."

माझ्या तोंडून हो येईना. नाहीही येईना. मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "दोन दिवसांनी सांगते." भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधात लिंबू पिळलं.

डोळे तपासायला मला पुण्याला लेकाकडे जायचंच होतं. घड्याळ रुमालात बांधून घेऊन गेले. लेकाने एका जुन्या कारागिराचं नाव काढलं होतं. सत्तरीचे असतील, छोटंसं दुकान, काचेच्या पेटीखाली वाट्यांमध्ये तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. कारागीर लोक आतल्या यंत्राला मशीनच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. मी सांगितलं, मला दुरुस्ती नको, आत काय आहे ते खरं खरं सांगा, तपासणीचे पैसे देईन. ते म्हणाले, "बसा. तुम्हालाही दाखवतो."

झाकण उघडल्यावर मी अहाहा म्हटलं. आतून ते मशीन तांब्याच्या नव्या कळशीसारखं लालसर. त्या काळच्या ओमेगाची ही ओळखच. वर अर्ध्या चकतीसारखं एक वजन, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते गरगर फिरतं आणि आतल्या मोठ्या स्प्रिंगला पीळ देतं. हे दोन्ही दिशांना फिरताना पीळ देतं. पूर्ण पीळ बसला की घड्याळ हात न लावता जवळजवळ पन्नास तास चालतं. म्हणजे मामंजी अठ्ठेचाळीस मिनिटं काय, अख्खा एक दिवस मौन धरून निश्चल बसले असते तरी ते बंद पडलं नसतं.

मग त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावायला दिलं. लालसर धातूवर बारीक अक्षरं. ओमेगाचं नाव आणि ५६५ हा आकडा. हा मशीनच्या जातीचा क्रमांक, त्याला कॅलिबर म्हणतात. यात चोवीस ज्वेल असतात. आमच्या भाऊजींची समजूत होती की आत चोवीस माणकं आहेत म्हणून एवढी किंमत. कारागीर हसले. ती माणकं कारखान्यात पूड वितळवून बनवलेली. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ साली ती रीत जगासमोर मांडली, तेव्हापासून घड्याळातली माणकं अगदी स्वस्त झाली. ती शोभेला नसतात. चाकांचे सुईसारखे आस ज्यात फिरतात ती भोकं झिजू नयेत म्हणून हा कडक, गुळगुळीत दगड. म्हणजे वीस ज्वेलपेक्षा चाळीस ज्वेलचं घड्याळ दुप्पट चांगलं, असं काही नसतं.

मी त्यांना तेलाचंही विचारलं. कुठेतरी ऐकलं होतं. ते म्हणाले, खरं आहे, पूर्वी घड्याळाला पॉरपॉइस नावाच्या समुद्री प्राण्याच्या जबड्यातून काढलेलं तेल वापरत, कारण ते थंडीत गोठत नाही. आता सगळी तेलं रासायनिक, कारखान्यातली. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. १९६९ मध्ये आत कुठलं तेल होतं, कोण सांगणार? सासूबाई पट्ट्यावर नजर ठेवून होत्या. झाकणाच्या आत कोण बघतं?

नंतर त्यांनी घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलं. टाइमग्राफर. त्यात एक माइक असतो, तो टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर रेघा आणि आकडे दाखवतो. हे मला फार आवडलं, ताळेबंद वाचल्यासारखं. पहिला आकडा, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. दुसरा, बॅलन्सचं चाक किती अंश झोका घेतं. चांगल्या मशीनमध्ये हा झोका घड्याळ आडवं ठेवल्यावर २७० ते ३०० अंशांच्या आसपास असतो. तिसरा, टिक आणि टिक यांच्यामधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे का. मग घड्याळ उलटं, उभं, चावी खाली अशा वेगवेगळ्या स्थितींत ठेवून बघायचं. आडवं असताना सगळीच शहाणी दिसतात, उभं केलं की खरं कळतं, असं कारागीर म्हणाले.

आमचं आडवं असताना पस्तीस सेकंद पुढे, झोका २२८. चावी खाली करून उभं केल्यावर झोका १९०. म्हणजे तेल सुकलेलं, स्प्रिंग दमलेली. पण चालतंय. मी पर्समधल्या पावतीच्या मागे हिशोब केला. दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात पस्तीस म्हणजे शेकडा ०.०४. पंचावन्न वर्षांचं यंत्र, चाळीस पैशांची चूक हजार रुपयांत. आणि आणखी एक. हे मशीन तासाला १९,८०० ठोके मारतं. एका सामायिकात १५,८४०. मामंजी एवढे ठोके मनगटावर घेऊन बसायचे आणि आम्ही स्वयंपाकघरात भांडं वाजू नये म्हणून जपायचो.

लेकाचं स्वतःचं एक महागडं स्विस घड्याळ आहे, तेही त्याने उत्साहाने पुढे केलं. कारागिरांनी उघडलं आणि म्हणाले, यात कंपनीचं स्वतःचं मशीन नाही, ईटीएचं २८२४-२ आहे. हेच मशीन याच्या चौथाई किमतीच्या घड्याळातही सापडेल. लेकाचा चेहरा पडला. मग त्यांनीच समजूत घातली, की मशीन वाईट नाही, उलट फार भरवशाचं, शिवाय त्यात चार प्रती येतात. साधी प्रत दोनच स्थितींत जुळवलेली, त्यावरची तीन स्थितींत, उंची प्रत पाच स्थितींत, तिची हेअरस्प्रिंग आणि बॅलन्सही वेगळ्या धातूचे. सर्वांत वरची प्रत क्रोनोमीटर, ती स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेत पंधरा दिवस तपासली जाते आणि दिवसाला सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसावी लागते. तुरीच्या डाळीसारखंच. डाळ तीच, प्रत वेगळी, आणि दुकानात पिशवीवरचं नाव बघून भाव.

असो. मामंजींच्या घड्याळाकडे येते.

कारागीर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, झाकणाच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा. रोटरचा आस झिजला की तो डुगडुगतो आणि झाकणाला घासतो. वयाचा दोष, ठीक आहे. दुसरी, स्क्रूंच्या खाचा. दोन-तीन स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झालेल्या, म्हणजे कोणीतरी चुकीच्या पेचकसाने घाईत उघडलंय. तिसरी गोष्ट क्रमांकाची. चाकांना वरून धरून ठेवणारी जी पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात, तिच्यावर मशीनचा लांबलचक क्रमांक असतो. आमचा एक कोटी सत्तर लाखांच्या घरातला. त्यावरून साधारण साल कळतं. हा क्रमांक १९६० च्या आसपासचा. आणि ५६५ हे कॅलिबर १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर आलेलं. जे मशीन जन्मालाच आलं नव्हतं त्यावर आधीच्या सालाचा क्रमांक कसा?

"ब्रिज दुसऱ्या घड्याळाचा आहे," ते म्हणाले. "ओमेगाचाच, याच कुळातल्या जुन्या मशीनचा. बसतो बरोबर. पण याचा नाही. बॅलन्सही बहुतेक त्याच्याच बरोबर आलाय."

मी विचारलं, कधी झालं असेल? ते म्हणाले, "ते मशीन नाही सांगत, ताई."

बसमध्ये परत येताना मला आठवायला लागलं. घरी आल्या आल्या माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. बी.कॉम. झालेली सून म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामंजींनी घरखर्चाची वही माझ्या हातात दिली होती आणि मी त्या सगळ्या जपून ठेवल्यात. १९८७ च्या वहीत सापडलं. 'मामंजींचे घड्याळ, साफ व तेल, ८५'. अक्षर माझंच. घड्याळ दुकानात नेऊन देणारी मी आणि बावीस दिवसांनी आणणारीही मीच. दुकानदाराने दिलेली चिठ्ठी वहीला टाचलेली होती. त्यावर 'ओमेगा आटो. १ नग' एवढंच. क्रमांक नाही. कोठारात शंभर पोती ठेवली तरी पावतीवर नग आणि खूण लिहून घ्यावी, हे मी कॉलेजात शिकले होते. सासऱ्यांचं घड्याळ देताना मला ते सुचलं नाही.

आणि आठवलं ते त्याहून वाईट. मामंजींनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, "आवाज जरा वेगळा वाटतोय गं." मी म्हटलं, "साफ केलंय म्हणून, मामंजी." त्यांनी मान डोलावली. सून शिकलेली, तिला कळत असेल. पुन्हा त्यांनी कधी तो विषय काढला नाही.

१९८७ लाच हे झालं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्यानंतरही दोनदा ते दुरुस्तीला गेलं होतं, तेव्हा भाऊजी घेऊन गेले होते. ते दुकानही आता नाही. पण मला तरी रात्री झोप लागली नाही.

दशलक्षणात आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय घेतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. वर्षानुवर्षं ऐकतेय. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ आहेत, खोटी वजनं, चोराने आणलेला माल घेणं वगैरे. आजवर वाटायचं, ही व्यापाऱ्यांसाठी आहेत, आपण कुठे दुकान मांडून बसलोय. यंदा 'प्रतिरूपक व्यवहार' आला आणि मी मान खाली घातली. चांगल्यात हलकं मिसळून चांगल्याच्या भावात देणं. तुपात डालडा. चोरी केली असं नाही, व्रत मोडलं असंही नाही, पण डाग लागला. आणि त्याच यादीत राज्याचा कायदा चुकवणंही आहे, म्हणजे बोटीवरून घड्याळ आलं तेव्हाचा हिशोब वेगळाच.

त्या संध्याकाळी, सूर्यास्ताआधीचं जेवण आटोपल्यावर, भाऊजी आले. मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, शांतपणे बोलले, आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. म्हणाले, "वहिनी, मशीन ओमेगाचं आहे ना? ब्रिज ओमेगाचा आहे ना? घड्याळ चालतंय ना? मग खोटं काय आहे? त्याला उघडून बघायचं नाही तर आपण कशाला उघडून दाखवायचं? आणि आपण काही बदललेलं नाही. उलट फसवले गेलेले आपणच."

मी म्हटलं, "भाऊजी, त्याने ओमेगाचं आहे का असं विचारलं नाही. बदललंय का असं विचारलं."

"पण तुम्ही हो म्हटलंत तर तो बघणारसुद्धा नव्हता."

"तेच तर."

हे इतका वेळ पेपर घेऊन बसले होते. पेपरामागूनच म्हणाले, "वहीत काय लिहिशील?" एवढंच. मला म्हणाले की भाऊजींना, ते कळलं नाही. वन्संना फोन लावला तर त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं ठरवा, मला बाबांचं घड्याळ विकायचंच नव्हतं. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सगळे फोटो पाठवले, झाकणावरच्या ओरखड्याचा, स्क्रूंचा, क्रमांकाचा. खाली टाइमग्राफरचे आकडे लिहिले. १९८७ च्या चिठ्ठीचाही फोटो पाठवला. त्याने दिवसभर उत्तर दिलं नाही. मग फोन आला. अठ्ठेचाळीस हजार. मूळच्या सालाचा ब्रिज शोधावा लागेल, रोटरचा आस बदलावा लागेल, पूर्ण साफसफाई. मी घासाघीस केली नाही. कारागिरांनी चाळीस ते पन्नास सांगितलेच होते. तो स्वतः येऊन घेऊन गेला. जाताना घड्याळ कानाला लावून म्हणाला, "आवाज छान आहे हो काकू."

महिला मंडळातल्या एकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं, यावर भेदविज्ञानाचा सुंदर लेख होईल, झाकण म्हणजे देह आणि मशीन म्हणजे आत्मा. मी म्हटलं, बाई, या घड्याळाचा आत्माच अर्धा दुसऱ्याचा निघालाय, मला त्यात पाडू नकोस.

नव्वद आणि अठ्ठेचाळीस यांत बेचाळीस हजारांचा फरक. तिघांत वाटला तर प्रत्येकी चौदा. सोळा-सोळा हजार तिघांच्या खात्यात गेले. वहीत लिहिताना मी पूर्ण लिहिलं. 'मामंजींचे घड्याळ, कॅलिबर ५६५, ब्रिज बदललेला, विक्री ४८,०००'. क्रमांकही लिहिला, दुसऱ्याचा असला तरी.

भाऊजी त्यानंतर दहा-बारा दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. एरवी दर रविवारी येतात. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "उत्तम क्षमा, वहिनी." मीही म्हटलं, "उत्तम क्षमा, भाऊजी. माझ्याकडून कळत-नकळत काही झालं असेल तर." मग जरा थांबून ते म्हणाले, "ते ठीक आहे. चौदा हजारांचं काय?"

ते हसत होते की नाही, फोनवर कळलं नाही. रविवारी जेवायला बोलावलंय, तेव्हा बघते.